गोलंदाजाची निवड आणि अर्धे धाडस



व्याख्यानाच्या पत्रिकेवर क्रिकेटचा विषय पाहून काही ज्येष्ठांनी नाके मुरडली असतील. कामगार-संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने मजुरीच्या दराविषयी बोलावे, चेंडूफळीची उठाठेव त्याला कशाला, असेही कोणी म्हणेल. पण आजची हकीकत मजुरीपासूनच सुरू होते. दरमहा तीन रुपयांवर खेळपट्टी झाडणाऱ्या एका मुलाची ती हकीकत आहे. त्याला संघात घ्यावे की घेऊ नये, ह्या एका प्रश्नावर पुण्यातील शहाणीसुरती माणसे एके काळी एकमेकांशी भांडली, आणि त्या भांडणाचा निकाल आपल्याकडे अजून पुरता लागलेला नाही, असे आम्हांला वाटते.

संघ बांधणाऱ्यापुढे एक पेच हटकून येतो. ओळखीच्या, बेताच्या गोलंदाजावर भागवावे, की जोखीम पत्करून ज्याच्याविषयी दहाजण दहा शंका काढतात असा गोलंदाज घ्यावा? फलंदाज चुकला तर एकटा बाद होतो; गोलंदाज चुकला तर सारा संघ उन्हात पळत राहतो. म्हणून गोलंदाज निवडताना भल्याभल्यांचा हात कापतो. तरुण मंडळींना आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कोलकात्याच्या संघाने मिचेल स्टार्क ह्या एका गोलंदाजासाठी २४ कोटी ७५ लाख रुपये मोजले. हंगामाच्या सुरुवातीला त्याला भरपूर मार बसला, तेव्हा पैसे पाण्यात गेले असे लोक म्हणू लागले. मे २०२४ च्या अंतिम सामन्यात त्यानेच प्रतिपक्षाचे कंबरडे मोडले आणि कोलकाता जिंकले. तेव्हा तेच लोक म्हणाले, वा, काय धाडस!

पण पैशाचे धाडस हे धाडसांतले सर्वांत सोपे धाडस. पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. आपल्या मनातली एखादी जुनी चौकट मोडावी लागते तेव्हा धाडसाची खरी किंमत कळते. बाळू पालवणकर ह्यांच्या निवडीत प्रश्न तीन रुपये पगाराच्या माणसाचा होता, आणि तरी तो कोटींच्या सौद्याहून अवघड ठरला.

पालवणकरांचे घराणे मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, चर्मकार समाजातले. म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्करी नोकरीत होते, त्यामुळे मुले पुण्याच्या छावणीच्या आसऱ्याने वाढली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हीच बाळू आणि धाकटा शिवराम ह्यांची शाळा. पुढे बाळूंना पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम मिळाले. पगार महिना तीन रुपये. मध्येच कोणाला सराव हवा असला तर चेंडूही टाकायचा. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार चार रुपये झाला.

पूना क्लबात काम वाढले. जाळी बांधायची, खेळपट्टी तयार करायची आणि मग तासन् तास साहेबांना चेंडू टाकायचे. त्या साहेबांत जे. जी. ग्रेग हा लष्करी अधिकारी हिंदुस्थानातला नावाजलेला फलंदाज होता. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस तो देत असे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा हिशेब कोणी तपासायला जाऊ नये. पण तिच्यातला अर्थ खरा आहे. हिंदुस्थानातल्या एका उत्तम फलंदाजापुढे रोज गोलंदाजी करून ह्या मुलाचा डावा हात तयार झाला. संथ गतीचा चेंडू, नेमका टप्पा, दोन्ही बाजूंना वळण. एक गोष्ट मात्र त्या क्लबात त्यांना कधी मिळाली नाही : बॅट. फलंदाजी हे साहेबांचे सुख, गोलंदाजी ही नोकराची मेहनत. कामाची ही वाटणी आम्ही कारखान्याच्या दारात पुष्कळ पाहिली आहे.

त्या वेळी पुण्यात हिंदूंचाही एक क्लब होता आणि गोऱ्यांच्या पूना क्लबाला हरवावे ही त्याची मोठी इच्छा. अडचण अशी, की त्यांना हवा असलेला गोलंदाज गोऱ्यांच्याच मैदानावर झाडू मारीत होता. त्याला घ्यावे की नाही ह्यावर क्लबात तट पडले. काही तेलुगू सभासद घ्यावे म्हणत होते, तर काही ब्राह्मण सभासदांना ते पटेना. इतक्यात ग्रेगनेच जाहीरपणे सांगितले, की बाळूसारखा गोलंदाज गमावणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. ज्याला हरवायचे तोच शहाणपण शिकवू लागला, तेव्हा विरोध मावळला आणि बाळू संघात आले.

आता ह्या निवडीत जोखीम नेमकी कोणती होती, ते पाहू. हा गोलंदाज चालेल की नाही, ह्याविषयी शंका घ्यायला जागाच नव्हती. रोज ग्रेगसारख्याला चाचपडायला लावणारा माणूस. ह्याहून कडक परीक्षा तेव्हा हिंदुस्थानात नव्हती. ओळखीचे, घरंदाज, बेताचे गोलंदाज घेऊन गोऱ्यांपुढे उभे राहणे, हीच खरी जोखीम होती. पण तिला कोणी जोखीम म्हणत नव्हते, कारण तिची सवय झाली होती. पंक्तीचे काय, विटाळाचे काय, घरी काय सांगायचे, ही जी भीती होती तिला मात्र जोखीम असे भारदस्त नाव मिळाले. आम्हांला वाटते, माणसांच्या निवडीत ज्याला जोखीम म्हणतात तिच्यातला मोठा भाग निवडणाऱ्याच्या स्वतःच्या भीतीचा असतो. निवडल्या जाणाऱ्या माणसाशी तिचा संबंध थोडाच.

संघाला फळ लगेच मिळाले. बाळूंच्या जोरावर पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांना हरवले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना ठरला, तेव्हा बाळूंचे चेंडू वळू नयेत म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला, अशी हकीकत सांगतात. ज्याने उमेदीची वर्षे रोलर ओढण्यात घालवली त्याला रोलरची भीती काय! त्यांनी सात गडी बाद केले आणि सामना सहज जिंकून दिला.

मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सगळे झेलत होते. विटाळ त्या चेंडूला लागत नव्हता. तो चहाच्या वेळी लागे. इतर खेळाडू आत चिनी मातीच्या पेल्यातून चहा घेत. बाळूंना बाहेर, मातीच्या फेकून द्यायच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे, मेज वेगळे. तोंड धुवायला पाणी हवे असले तर ते अस्पृश्य नोकरानेच आणून घालायचे. न्यायमूर्ती रानड्यांनी ह्या मंडळींना सुनावले, असे सांगतात, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर चहा घ्यायला आणि पंगतीला बसायला हरकत कसली? हे आम्ही अर्धे धाडस म्हणतो. क्लबाने बाळूंचा डावा हात घेतला. बाळूंना घेतले नाही.

प्लेगच्या साली, १८९६-९७ च्या सुमारास, बाळू मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात तोच वाद पुन्हा झाला. काही गुजराती सभासदांचा विरोध होता. कर्णधार कीर्तिकर ह्यांनी त्यांची समजूत घातली. पुढे बाळूंना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते रेल्वेच्या संघातूनही खेळू लागले. रेल्वेला गोलंदाज हवा होता आणि गोलंदाजाला भाकरी. त्या सौद्यात निदान लपवाछपवी नव्हती.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन ह्यांच्यात सामना झाला. जागा बॉम्बे जिमखाना, जेथे गोऱ्यांखेरीज कोणी सभासद होऊ शकत नसे. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या. म्हणजे गोऱ्यांना जिंकायला २१२ हव्या होत्या; ते १०२ धावांत आटोपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले आणि बाळूंनी दोन डावांत मिळून आठ गडी टिपले. शिवरामही त्याच संघात होता. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. विजयाचा गाजावाजा देशभर झाला. दोन चर्मकार भावांना संघात घेतल्याचे फळ म्हणून 'इंडियन सोशल रिफॉर्मर' पत्राने ह्या विजयाची दखल घेतली. मुंबईत तोपर्यंत आणखी एक बदल झाला होता : पुण्यात बाहेर चहा घेणारे बाळू आता सहकाऱ्यांबरोबर जेवत होते. हळूहळू का होईना, धाडस पुढे सरकत होते.

१९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि त्यांच्या डोक्यावर कर्णधार पतियाळाचे महाराज. महाराजांचे कर्णधारपद कशाच्या बळावर होते, हे तुम्हांला सांगायला नको. संघाने तेवीस सामन्यांपैकी सहाच जिंकले. पण ह्या पडत्या संघातून खेळताना पस्तिशीतल्या बाळूंनी दौऱ्यात ११४ गडी बाद केले. इंग्लंडच्या अनोळखी खेळपट्ट्यांवर, दमलेल्या खांद्याने, मैदानात बेताची साथ असताना केलेले हे काम आहे. हिंदुस्थानी गोलंदाजीचे नाव तेथे प्रथम ठसठशीत उमटले ते ह्या माणसामुळे.

येथे क्षणभर सातासमुद्रापलीकडे जाऊ, कारण नेमका हाच प्रश्न अमेरिकेतही उभा राहिला होता. तेथील बेसबॉल हा खेळ क्रिकेटचा चुलतभाऊ समजावा; त्यात चेंडू फेकणाऱ्यावर, म्हणजे पिचरवर, सारा डाव तोललेला असतो. अनेक दशके तेथील मोठ्या संघांत काळ्या खेळाडूंना मज्जाव होता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ती भिंत फुटली. पुढच्याच वर्षी क्लीव्हलंडच्या संघाने सॅचेल पेज नावाच्या काळ्या पिचरला घेतले. त्याचे वय बेचाळीस! ह्या वयात गडी निवृत्त होतात, त्याला नव्याने घेतात कुठे? हा निव्वळ गर्दी जमवण्याचा तमाशा आहे, अशी टीका झाली. पेजने त्या हंगामात सहा सामने जिंकून दिले, एकच गमावला, आणि क्लीव्हलंडने अजिंक्यपद मिळवले. मालकाच्या धाडसाचे कौतुक झाले. पण विचार करा. पेज वीस वर्षे काळ्यांच्या संघांत चेंडू टाकीत होता आणि त्याची कीर्ती साऱ्या देशाला ठाऊक होती. मग वीस वर्षे त्याला न घेणाऱ्या मालकांनी जे केले त्याला काय म्हणावे? सावधपणा? आम्ही त्याला नुकसान म्हणू, आणि ते आपल्या हिशेबवहीत कधीच दिसत नाही. घेतलेला माणूस फसला तर बोट दाखवता येते. न घेतलेल्या माणसामुळे काय गेले, ते कोणाला दिसते?

आता बाळूंकडे परत येऊ, कारण ह्या हकीकतीचा दुसरा भाग पहिल्याहून कठीण आहे. संघात घेतले, पण संघ त्यांच्या हाती द्यायचा का? सर्वांत अनुभवी, सर्वांत जास्त सामने जिंकून देणारा खेळाडू कर्णधार व्हावा, हा साधा न्याय. १९१३ साली हिंदूंचे कर्णधार असलेल्या एम. डी. पै ह्यांनीच सत्कारसमारंभात मोकळेपणाने सांगितले, की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळायला हवा होता. असे बोलायला मन मोठे लागते. तरी बाळू कर्णधार झाले नाहीत. त्या वर्षी नाही आणि पुढेही कधी नाही.

१९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा ते पंचेचाळिशीचे. वयाचे कारण कोणी पुढे केले तर ते अगदीच खोटे म्हणता येणार नाही. पण पै आजारी असताना कर्णधारपद धाकटा भाऊ विठ्ठल ह्याला टाळून दि. ब. देवधर ह्यांना दिले, तेव्हा वयाचे कारण कोठे राहिले? देवधर पुढे फार थोर खेळाडू ठरले. महाराष्ट्राला त्यांनी रणजी करंडक मिळवून दिला. दोष त्यांचा नव्हता, निवडणाऱ्यांच्या मापाचा होता. विठ्ठल आणि शिवराम ह्यांनी आपली कारणे जाहीर करून संघातून अंग काढून घेतले. गड्यांनो, हा संप होता! त्यात मजुरीवाढीची मागणी नव्हती, मानाची होती. लोकमत त्यांच्या बाजूने वळले; बाळू संघात परतले आणि उपकर्णधार झाले. उप! अर्ध्या धाडसाला मराठीत ह्याहून नेमका शब्द सापडणार नाही.

पुरे धाडस व्हायला आणखी तीन वर्षे लागली. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली संघाने युरोपियनांना अंतिम सामन्यात हरवले. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. विठ्ठलरावांनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. खांद्यावर घेणाऱ्यांत कोणकोण होते, त्यांच्या घरी संध्याकाळी काय झाले असेल, हा विचार आमच्या मनात पुन्हा पुन्हा येतो. थोरल्या भावाने मातीच्या भांड्यात चहा घेतला त्याला तेव्हा पुरती तीस वर्षेही झाली नव्हती.

बाळूंना राजकारणातही उतरवण्यात आले. १९३२ च्या पुणे कराराखाली त्यांची सही आहे. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेस भरली, आणि लगोलग १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ह्या लढतीविषयी मते निरनिराळी असतील. आम्हांला इतकेच दिसते, की सर्वांत अवघड टोकाकडून चेंडू टाकायचे काम पुन्हा त्यांच्याच वाट्याला आले, आणि संघाची सूत्रे ह्याही वेळी दुसऱ्यांच्याच हाती होती. १९५५ मध्ये मुंबईत ते वारले.

हे सारे ऐकून, ती जुनी माणसे संकुचित होती आणि आम्ही पुढारलेले आहोत, असे समाधान कोणी घरी नेऊ नये. ते समाधान आमच्याकडेही नाही. एक कबुली मात्र आहे. आम्ही एका कारखान्यात संघटनेचे काम करीत होतो. तेथे एक कामगार असा होता, की यंत्र अडले म्हणजे इंजिनियर त्याला शोधत येत. मुकादम नेमायची वेळ आली तेव्हा व्यवस्थापन म्हणाले, लोक त्याचे ऐकणार नाहीत. त्यांच्याविरुद्ध आम्ही द्वारसभा घेतली, जोरात बोललो. वर्षभराने आमच्याच संघटनेच्या चिटणीसपदासाठी त्याचे नाव आले. तेव्हा आमच्या समितीत कोणीतरी म्हणाले, अजून वेळ आलेली नाही, फूट पडेल. आणि आम्ही मान हलवली. तो आम्हांला एवढेच म्हणाला, "भाऊ, मशीन माझं ऐकतं; माणसं ऐकतात का, ते एकदा पाहू तर द्या." आम्ही पाहू दिले नाही. त्याला सहचिटणीस केले. पुण्याच्या क्लबाला हसण्याचा अधिकार आम्ही त्या दिवशी गमावला.

म्हणून संघाने गोलंदाज घेताना अधिक धाडस करावे का, ह्या प्रश्नाला आमचे उत्तर सरधोपट होय असे नाही. ज्याची परीक्षाच झाली नाही त्याच्यावर घरदार लावणे हे धाडस नव्हे, जुगार आहे. तेव्हा निवडणाऱ्याने स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. ह्या माणसाचे काम आपण डोळ्यांनी पाहिले आहे काय? पाहिले असेल, तर मनात उरलेली शंका कामाविषयी आहे की चारचौघांत काय म्हणतील ह्याविषयी? आणि तो यशस्वी झाला, तर त्याच्या हाती संघ द्यायची आपली तयारी आहे काय? तिसऱ्या प्रश्नाशी जो अडखळतो, त्याला चेंडू टाकणारा हात हवा आहे, सोबती नको आहे.

ज्या वसंतात रॉबिन्सन मैदानात उतरला त्याच वसंतात, १ मे १९४७ रोजी, साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून उपोषण सुरू केले. आपल्या शेजारच्या अंमळनेरला मुले शिकवलेला, तेथल्या गिरणी-कामगारांत मिसळलेला हा माणूस. दार थोडेसे किलकिले करा, बाहेरून दर्शन घेऊ द्या, असे त्यांनी मागितले नाही. पुरे दार मागितले, आणि दहा दिवसांनी ते उघडले.

आता उन्हाळी सुट्टी लागेल. अंजनीच्या काठच्या मैदानांवर संघ निवडले जातील. पतपेढ्यांत, सोसायट्यांत, मंडळांत, आमच्या संघटनांतही चिटणीस आणि अध्यक्ष निवडले जातील. कडेला उभा असलेला, चेंडू आणून देणारा, सतरंज्या घालणारा एखादा मुलगा प्रत्येक ठिकाणी असतोच. त्याला संघात घेताना आपला हात थोडा कापेल, कापू द्या. आणि घेतल्यावर तो बरोबरीने चहाला बसतो की बाहेर उभा राहतो, तेवढे मात्र डोळे उघडे ठेवून पाहा.